बरं हाय

भुलीच्या डॉक्टरचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्यानं कापलं त्याला लोक पेढे देतात, आणि ज्यानं दुखू दिलं नाही त्याला विचारतात, “आवं, डाक्टरबाई कुटं गेल्या?” आमच्या सांगलीच्या हॉस्पिटलात मी बाळंतपणं आणि सिझर करायची आणि तेरदाळकर भूल द्यायचे. माझ्या घरी हंगामात शेंगा यायच्या, हुरडा यायचा, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा आला. तेरदाळकरांच्या वाट्याला कधी शेंगेचं टरफल आलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर त्यांना वॉर्डबॉय समजून सांगितलं, “गड्या, आमच्या सुनंला जरा भांडं दे की.” मी तोंड उघडणार, तोवर हा माणूस भांडं घेऊन चाललेलासुद्धा!

मला असल्या माणसांचा राग येतो, हे आधीच सांगून ठेवते. माझं माहेर वाईचं, आणि आमच्या घरात सगळे एकमेकांवर ओरडूनच प्रेम करत. वॉर्डात माझा आवाज जिन्यापासून ऐकू यायचा आणि बायका चपापून उठून बसायच्या. तेरदाळकर येऊन गेले हे मात्र कुणाला कळायचं नाही. उंच, किडकिडीत, खांदे पुढे आलेले, बारा महिने अंगात तोच तपकिरी स्वेटर. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर इतकं हळू आलं असतं की मला ऐकूच आलं नसतं. दोन सिझरांच्या मध्ये खिडकीत उभं राहून कागदातलं भडंग खायचे, आणि खाताना आवाज होऊ नये म्हणून एकेक मुरमुरा तोंडात टाकायचे. “अहो, पेशंट काय भडंगाच्या आवाजानं जागा होणाराय?” असं मी म्हटलं की नुसते हसायचे.

घराणं तेरदाळचं, म्हणजे कानडी मुलखाच्या उंबऱ्यावरचं. प्रत्येक बाईला ते ‘यव्वा’, म्हणजे आई, म्हणायचे, वीस वर्षांची असो की पन्नास. “भिऊ नको, यव्वा.” पाठीत सुई घ्यायची म्हणजे बाईनं कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाठ उघडी टाकायची. परक्या पुरुषासमोर आमच्या बायकांना त्या सुईपेक्षा उघड्या पाठीचं भय जास्त. तेरदाळकर आधी कोमट पाण्यात हात धरून ठेवायचे, म्हणजे पाठीला गार बोट लागून ती दचकायला नको. मग विचारायचे, “यव्वा, माहेर कुठलं?” झालं! माहेर म्हटल्यावर कोणती बाई गप्प बसते? गाव सांगायची, गावातली विहीर सांगायची, भावाचं नवं घर सांगायची, आणि भावजयीची तक्रार सुरू होईपर्यंत इकडे काम आटोपलेलं असायचं. “टोचलंसा व्हय? कवा?” असं विचारणाऱ्या बायका मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत.

त्या काळी सुया फेकून देत नसत. उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. वापरून वापरून टोक बोथट व्हायचं, कधी त्याला बारीक कुसळ यायचं. तेरदाळकर आपल्या सुया स्वतः दगडावर घासत. दुपारी थिएटर रिकामं झालं की खिडकीशी बसून, भिंग डोळ्याला लावून, तेलाच्या थेंबावर सुई फिरवत राहायचे आणि मग कापसातून ओढून बघायचे. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा दगड. एकदा मी चिडून म्हटलं, “अहो, सोनाराकडे जन्माला यायचं ते चुकून डॉक्टर झालात तुम्ही.” तर म्हणाले, “सोनाराचं चुकलं तर डाग देऊन सांधता येतं, बाई.”

एवढं सगळं कशासाठी, तर एका भीतीपायी. आमच्या भागात एक समजूत घट्ट बसलेली होती: पाठीत सुई घेतली की बाई कामातून जाते. कंबर धरते, डोकं फिरतं, पुन्हा शेतात वाकायला उपयोगाची राहत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. शिराळ्याकडून एक पोरगी बैलगाडीतून आणि पुढे ट्रकमधून आणली होती. मूल आडवं. सिझर केलं तर दोघं वाचत होती. तेरदाळकर सुई घेऊन पुढे झाले आणि सासऱ्यानं ती बघितली. “पाटीत? न्हाई जमायचं. जलमाची पांगळी करून कोन पोसनार?” मी ओरडले, पोलिसांची भीती घातली, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तेरदाळकर त्या म्हाताऱ्याशेजारी उकिडवे बसून हळू आवाजात समजावत राहिले. घरच्यांनी तिला उचलून नेली. वाटेतच दोन्ही जीव गेले, असं नंतर कळलं.

त्या दिवसापासून या माणसानं एकच ध्यास घेतला. पाठीतल्या सुईनं काही होत नाही, हे सिद्ध करायचं. तोंडी नाही, शास्त्राला धरून.

त्यांचा विचार मी सोप्या भाषेत सांगते. कण्याच्या आत मेंदूपासून खालपर्यंत एक पाणी असतं, त्यात औषध सोडलं की कमरेखाली बधिर होतं. सुई काढल्यावर पडद्याला बारीक भोक राहतं. ते मोठं राहिलं तर पाणी झिरपतं, आणि मग दोन-तीन दिवस बाई उठून बसली की डोकं असं ठणकतं की भिंत धरावी लागते. आडवी झाली की थांबतं. म्हणून तेव्हा अशा पेशंटला दिवसभर बिनउशीचं उताणं निजवत. आता ओली बाळंतीण, पोर पाजायचं, आणि ही अशी निजलेली! नातेवाईक म्हणायचे, “मढ्यावानी काय निजीवलंय तिला?” आमची पाठ वळली की डोक्याखाली लुगड्याची घडी सरकवायचे. तेरदाळकर म्हणायचे, सुई बारीक घेतली, टोक नीट ठेवलं आणि त्याची धार आडवी न धरता उभी धरली, तर पडद्याचे तंतू तुटणार नाहीत, नुसते बाजूला सरतील. मग डोकेदुखीच नाही, आणि निजवून ठेवायचं कारणही नाही. बाईला दुसऱ्या दिवशी बसवा, लवकर घरी जाऊ द्या, तिनं गावात जाऊन सांगावं की मला काही झालं नाही.

दीड-दोन वर्षं हे काम चाललं. प्रत्येक बाईला ते तिसऱ्या दिवशी स्वतः भेटायचे. दुसऱ्या कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही. खाटेशी जायचे, तिला उठून बसायला सांगायचे, जरा थांबायचे आणि विचारायचे, “यव्वा, डोकं दुखतंय का? खरं सांग हं.” ते विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. परक्या बाईकडे टक लावून बघायचं नाही म्हणून नजर खाली. तिनं डॉक्टर आले म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला. त्या पदराआडून आवाज यायचा, “बरं हाय.”

बरं हाय. बरं हाय. बरं हाय. एकामागून एक सगळ्यांचं बरं! आधी तेरदाळकरांचाच विश्वास बसेना. मग चेहऱ्यावर रंग आला. भडंग खाताना आवाज व्हायला लागला. एकदा तर थिएटरात शीळ घातली, आणि आमची सिस्टर हातातला ट्रे पाडता पाडता राहिली. मीच एकदा शंका काढली, “अहो, एकीचंही दुखत नाही म्हणजे काय?” तर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं: “पेशंट खोटं बोलत नाही, बाई. खोटं बोलून तिला काय मिळणार?”

पुण्यात भुलीच्या डॉक्टरांची परिषद होती, तिथे त्यांनी हे सगळं मांडलं. मी मुद्दाम गेले होते, टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं म्हणून. माझी गरज पडली नाही. मुंबईचे एक बडे प्राध्यापक उठून म्हणाले, “तुमच्याकडच्या बायका काय दगडाच्या आहेत का हो?” सभागृह हसलं. तेरदाळकर जन्मात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. म्हणाले, “दगडाच्या नाहीत, साहेब. खऱ्या आहेत.” काय टाळ्या पडल्या! मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी शेजारच्या डॉक्टरवर उगीचच खेकसले.

त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला. उताणं निजवणं बंद. तिसऱ्या दिवशी तेरदाळकरांनी विचारायचं, आणि टाके काढले की घरी.

शालन त्यानंतरची. विट्याकडच्या एका खेड्यातली लेक, रहिमतपूरला दिलेली. नवरा फौजेत, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. हळदीच्या हंगामात आली होती, बोटं पिवळीजर्द. टेबलावर कुशीला निजवून तेरदाळकरांनी विचारलं, “यव्वा, माहेर कुठलं?” तिनं गाव सांगितलं, चिंचेचं झाड सांगितलं, आणि मग उलट विचारलं, “आन डाक्टर, तुमचं आजोळ कुटलं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते इतके हसले की मला म्हणावं लागलं, “सुई तरी नीट धरा.” आजोळ अथणीकडचं, हे मलाही त्या दिवशी कळलं.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तेरदाळकर खाटेशी गेले, तिला बसवलं, विचारलं. पदराआडून उत्तर आलं, “बरं हाय. तुमी जेवलासा का?” मी पलीकडच्या खाटेशी होते, मी ऐकलं. हा माणूस दिवसभर सगळ्यांना सांगत होता, शालननं मला जेवलात का विचारलं म्हणून.

महिन्याभरानं तिला गुळाच्या ट्रकातून परत आणली. ग्लानीत. हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. बापरे, ती बाहुली बघून मी काय समजायचं ते समजले. कवटी उघडणारा सर्जन गाठेपर्यंत ती गेली. नंतर बघितलं तर मेंदूवर रक्त साकळलेलं. कण्यातलं पाणी झिरपत राहतं, मेंदू खाली बसतो, वरची शीर ताणून फाटते. क्वचित होतं. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं.

तिची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, नात मांडीवर. तेरदाळकर तिच्यासमोर जमिनीवर बसले. “यव्वा, कधीपासून दुखत होतं?”

“घरी आल्यापास्नं. बसली की डोस्कं उटायचं, पडली की ऱ्हायचं. मागनं पडून बी ऱ्हाईना. वकाय लागली.”

“आणि इथे होती तेव्हा?”

“हितं बी हुतंच की.”

माझा तोल गेला. “अहो, मग बोलायला काय झालं होतं? हे स्वतः येऊन विचारत होते ना? तोंड शिवलं होतं का तुमचं?”

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो तिच्या नजरेत. मला लहान पोराला समजवावं तसं समजावून सांगितलं तिनं. “बाई, तुमास्नी सांगावं तर तुमी वरडता. आन ह्यास्नी सांगावं तर ह्यांचं त्वांड येवडंसं हुतंय. इतक्या मायेनं कोन इचारतंय आमास्नी? समद्या बाया म्हनायच्या, त्या सुईवाल्या डाक्टराला काय बोलू नगासा गं, लय जिवाला लावून घेतंय ते. तवा आमी आपलं म्हनायचं, बरं हाय.”

“समद्या?” तेरदाळकर म्हणाले. त्यांच्या तोंडून तिचाच शब्द आला.

“समद्या,” ती म्हणाली, आणि पदरानं नातीचं तोंड पुसत बसली.

शालनचा नवरा रजेवर आला तेव्हा मी तेरदाळकरांना थिएटरात बसवून दार लावून घेतलं होतं. म्हटलं, फौजी गडी, हात उचलला तर हा काडीपैलवान जायचा. तर ते स्वतः दार उघडून बाहेर आले. त्या पोरानं त्यांचे हात धरले आणि म्हणाला, “शालनच्या आयनं सांगितलं, साहेब. तुमी तिला लय जीव लावला.” पोरीला घेऊन तो रहिमतपूरला गेला. त्यानं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर मी त्याचे उपकार मानले असते. तेरदाळकर तिथेच बाकावर बसले ते दुपार सरेपर्यंत उठले नाहीत.

मग सुरू झाल्या त्यांच्या फेऱ्या. रविवारी एस.टी. धरायची आणि जुन्या पेशंटच्या गावी जायचं. आता तरी खरं काय ते कळावं म्हणून. एकदा मी बरोबर गेले, एकटं सोडवेना म्हणून. पहिल्या घरातली बाई हसत म्हणाली, “व्हय की, आठ दिस मान वर करता येत नव्हती.” दुसरीचं पंधरा दिवस. तिसरीला एकाचं दोन दिसायचं. तिनं बिचारीनं ते पोर झाल्याचं वारं समजून अंगारा लावला होता. प्रत्येक घरी पाट, पाणी, चहा, आणि प्रत्येक घरी हे सगळं एखादी गंमत सांगावी तसं सांगितलेलं. तेरदाळकर ऐकायचे, मान हलवायचे आणि कपातला चहा गार व्हायचा.

शेवटच्या घरातली बाई मात्र म्हणाली, “मला काय बी झालं न्हाई वो. बरं हुतं.” तेरदाळकरांनी असं वर बघितलं की मला वाटलं, देवा, एक तरी! तेवढ्यात दारातून तिचा नवरा हसला. “खोटं बोलतीया, डाक्टर. भाकरी बी निजून खायाची. तुमी येवडं लांबनं आलासा, तवा म्हनतीया.” बाई लाजून आत गेली. आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर तेरदाळकर म्हणाले, “मी विचारत नव्हतो, बाई. मी मागत होतो.”

पुढच्या परिषदेत त्यांनी उभं राहून सांगितलं, मी गेल्या वेळी सांगितलं ते सगळं खोटं होतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाच्या टेबलाशी एक जण मला म्हणाला, “बाई, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?” त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विट्याच्या बाजूला बायका पुन्हा सुईला नको म्हणायला लागल्या. का नाही म्हणणार? मी त्यांना आता काय तोंडानं ओरडणार होते? तेरदाळकर भूल देत राहिले, हात कोमट करत राहिले, पण माहेर विचारायचं बंद केलं. टेबलावर बाई गप्प, ते गप्प, आणि सुई टोचली की बाई दचकायची. पुढे त्यांनी सुई हातात घेणंच टाळलं. दगड आणि भिंग त्यांच्या हाताखाली शिकलेल्या निकमला देऊन टाकलं आणि साताऱ्याला बहिणीकडे निघून गेले. मी म्हटलं, “अहो, एका मृत्यूनं जन्माचं काम सोडतात का? माझ्या हातून किती गेल्या ते माहीत आहे ना तुम्हाला?” ते म्हणाले, “तुम्हाला त्या घाबरायच्या, बाई. तुम्हाला घाबरून तरी कधी कुणी खरं बोललं असेल.” हे कौतुक होतं की काय, देव जाणे. मी घरी येऊन जेवले नाही.

दशक सरत आलं तेव्हा निकमही साताऱ्याला गेला, तिथल्या एका छोट्या इस्पितळात. गुणी पोरगा. त्यानंच कळवलं, सरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, भूल मीच देतोय. मी वाईला भावाकडे गेले होते, तिथून ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले.

खाटेवर ते निजले होते, बिनउशीचे, तोच तपकिरी स्वेटर. केस पार पांढरे. मला बघून उठायला लागले, तर मी ओरडले, “निजा!” ते हसले. “निकमनं मला गाव विचारलं,” म्हणाले. “सुई टोचताना. तेरदाळ सांगायच्या आत काम झालं.” मी म्हटलं, “शिष्य कुणाचा?”

तेवढ्यात निकम आला. हातात कागद, डोळ्यांत ते जुनं तेज. मला नमस्कार करून म्हणाला, “बाई, सरांची बारीक सुई, सरांचीच पद्धत. मी पुन्हा सुरुवातीपासून काम करतोय, प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी स्वतः विचारतो. सरांचं राहिलेलं पुरं करायचंय.” मग खाटेशी गेला. “सर, जरा बसता?”

तेरदाळकर उठून बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला. एका हातानं त्यांनी खाटेची लोखंडी दांडी धरली, आणि धरली ती अशी की बोटं पांढरी पडली. मान एवढीशीही हलली नाही. निकमची नजर कागदावर होती. गुरूच्या तोंडाकडे कसं टक लावून बघणार? त्यानं विचारलं, “डोकं दुखतंय का, सर? खरं सांगा हं.” त्याचा चेहरा मला दिसत होता. कुठे पाहिला होता तो चेहरा, हे मला कुणी सांगायला नको होतं.

“बरं हाय,” तेरदाळकर म्हणाले.

निकमनं लिहून घेतलं, त्यांच्या पायाला हात लावला आणि बाहेर गेला. ते हळूच आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. आडवं झाल्यावर चेहऱ्याला जरा रंग आला. मी खुर्ची मागे लोटून उठले. “तुम्हीसुद्धा? अहो, तुम्हीसुद्धा? शालन विसरलात? थांबा, बोलावते त्याला.”

त्यांनी माझं मनगट धरलं. हात कोमट होता.

“राहू द्या, बाई,” ते म्हणाले. “त्याचं तोंड बघितलंत ना?”

मी उभीच राहिले. बाहेर निकम सिस्टरला मोठ्यानं सांगत होता, सरांना काहीसुद्धा त्रास नाही म्हणून.